मॅम टॉरच्या वाटेबद्दल: इंग्लंडमधल्या मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुले पत्र

मंडळांच्या सहल समित्यांच्या सर्व सदस्यांना,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर डर्बीशरमधल्या मॅम टॉरच्या सहलीचं आमंत्रण फिरू लागतं. मजकूर साधारण एकच असतो: सकाळी दहा वाजता मॅम निकच्या वाहनतळावर भेटू, वर चढू, डबे खाऊ, फोटो काढू, परत. डोंगराची निवड उत्तम आहे. आमची तक्रार या आमंत्रणातल्या तीन गोष्टींबद्दल आहे: भेटायची जागा, भेटायची वेळ आणि एका वेळी किती जण. आम्ही या भागात बारा महिने चालणारी माणसं आहोत. वाटेची डागडुजी कशी होते आणि ती का वाया जाते, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

आधी डोंगर समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मॅम टॉरची उंची ५१७ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटतो आणि तिथेच पहिली चूक होते. आपल्या पायाला सवय आहे बेसॉल्टच्या कातळाची. मॅम टॉर म्हणजे वालुकाश्माचे आणि शेलचे एकाआड एक थर आणि त्यांच्या बुडाशी नुसता शेल. शेल म्हणजे चिखलाचा झालेला दगड. पाणी मुरलं की तो पुन्हा चिखलाच्या वाटेला लागतो. त्यामुळे डोंगराची पूर्वेकडची बाजू चार हजारांहून अधिक वर्षं घसरते आहे आणि ओल्या हिवाळ्यानंतर अजूनही सरकते. इंग्रजीत याला थरथरता डोंगर म्हणतात ते उगाच नव्हे. मँचेस्टर-शेफील्ड हा ए-६२५ रस्ता याच दरडीवरून जात असे. तो खचायचा, दुरुस्त व्हायचा, पुन्हा खचायचा. १९७७ मध्ये एकेरी केला आणि १९७९ मध्ये कायमचा बंद. डांबराचे थरावर थर चढवलेला तो मोडका रस्ता आजही पायथ्याच्या कॅसलटन गावाच्या बाजूने चालत जाऊन पाहता येतो. मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगली जागा नाही.

जिथे एवढा मोठा रस्ता टिकला नाही, तिथे हातभर रुंदीची पायवाट कशी टिकते? कोणीतरी ती दगडाने बांधून काढली आहे म्हणून.

मॅम टॉरवरून ईशान्येला हॉलिन्स क्रॉस, बॅक टॉर आणि लूज हिल अशी तीनेक किलोमीटरची धार जाते. तिला ग्रेट रिज म्हणतात. डावीकडे एडेलचं खोरं, उजवीकडे होपचं. धारेवरच्या गवताची मुळं वरच्या पातळशा थरातच असतात आणि इतक्या उंचीवर गवत वाढायचा काळ वर्षातले जेमतेम काही महिने. पाच-पन्नास पावलं पडली तर गवत सावरतं. पाच हजार पडली की मुळांची जाळी फाटते. माती दाबली जाते, पाणी मुरायचं थांबून साचतं, तिथे चिखल होतो. मागून येणारा चिखल टाळून बाजूच्या गवतावर पाय टाकतो. आता ती बाजू फाटते. असं करत करत वाटेचा पट्टा गाडीरस्त्याएवढा रुंद होतो. हिवाळ्यात उघडी माती गोठून फुगते, वितळून भुसभुशीत होते आणि पुढच्या पावसात वाहून जाते. उतारावर तर त्याची घळच पडते.

यावर उपाय दोन प्रकारचे असतात. सपाटीवर मोठ्या फरशा टाकतात. डार्क पीकमधल्या (इथून उत्तरेकडच्या उंच माळरानांच्या भागातल्या) दलदलीच्या वाटांवर, विशेषतः पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर, लँकशरमधल्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जुन्या फरशाही वापरल्या आहेत. गिरणगाव ऐकून माहीत असलेल्यांनी त्या दगडांवरून चालताना एवढं आठवावं. उतारावर मात्र फरशी घसरते, म्हणून तिथे दगड उभे गाडतात: दोन तृतीयांश जमिनीत, एक तृतीयांश वर, एकमेकांना घट्ट खेटून, मधे बारीक चिपा ठोकून. ठरावीक अंतरावर वाटेला तिरका दगडी बांध घालतात, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला उतरतं. गाडी जात नाही तिथे हे दगड हेलिकॉप्टरने टनभराच्या पोत्यांतून आणावे लागतात. २०१८ च्या ‘मेंड अवर माउंटन्स’ या ब्रिटिश गिर्यारोहण परिषदेच्या मोहिमेत लोकवर्गणी गोळा झाली, त्यात हॉलिन्स क्रॉस ते बॅक टॉर हा तुकडा होता. म्हणजे आपण जिच्यावरून चालतो ती वाट चालणाऱ्यांच्याच पैशांची आहे.

आता ती वाया कशी जाते ते बघा. दगडी पायऱ्या उतरताना गुडघ्याला हिसका बसतो, म्हणून लोक पायऱ्यांच्या कडेने गवतावरून उतरतात. कडेला नवी उघडी पट्टी तयार होते. ती दगडापेक्षा खाली जाते, त्यामुळे पाणी दगडावरून जायचं सोडून तिच्यातून वाहू लागतं. ते दगडाच्या बुडाची माती काढतं. दगड डुगडुगू लागतो. डुगडुगणाऱ्या दगडावर कोणी पाय देत नाही, म्हणून आणखी लोक कडेने जातात. चांगलं बांधलेलं काम काही हिवाळ्यांत खिळखिळं होतं. एकटा माणूस हे करत नाही. साठ जणांचा जथा एका दुपारी करतो, कारण साठ जण एकामागून एक चालत नाहीत. गप्पा मारत पाच-पाचच्या ओळीत चालतात, आणि वाट असते दोघांपुरती.

म्हणून पहिली विनंती: जास्तीत जास्त बारा ते पंधरा जणांचा एक गट करा. दोन गटांत किमान वीस मिनिटांचं अंतर ठेवा. प्रत्येक गटात पुढे एक जाणता आणि शेवटी एक जाणता असू द्या. शेवटच्याच्या मागे कोणी राहायचं नाही, एवढाच नियम. चालायचं दगडावरून, चिखल असला तरी चिखलातून. बूट धुता येतात. समोरून कोणी आलं तर दगडावरच थांबून एकेकाने अंग चोरावं, सगळ्यांनी गवतावर उतरू नये. हातात काठ्या असतील तर टोकांना रबरी टोपण लावा. उघडी लोखंडी टोकं नेमकी वाटेच्या कडेच्या मातीत भोकं पाडतात आणि पाण्याला तेवढं पुरतं. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या तिरक्या उतराव्यात, सावकाश, पण पायऱ्यांवरूनच.

शिखराबद्दल एक गोष्ट मराठी माणसाला वेगळी सांगायला नको, तरी सांगतो: हा किल्ला आहे. माथ्याभोवती मातीचा उंचवटा आणि खंदक दिसतो, ती कांस्ययुगाच्या अखेरच्या व लोहयुगाच्या सुरुवातीच्या काळातली तटबंदी. आत घरांसाठी सपाट केलेल्या जागा उतरत्या उन्हात अजून ओळखू येतात. पूर्वेकडचा काही भाग दरडीने गिळला. शिखरावर मोजणीच्या खांबापाशी जी दगडी फरसबंदी आहे, तिच्याखाली कांस्ययुगातला दफनाचा उंचवटा आहे. पायांनी झिजू नये म्हणून तो दगडाने झाकला. फोटो तिथे उभं राहून काढा, हरकत नाही, दगड त्याचसाठी घातलाय. मुलांना तटाच्या उतारावरून घसरगुंडी खेळू देऊ नका. रायगडावर आपण जे खपवून घेणार नाही ते इथेही नको.

आता कायद्याचं. इथे बऱ्याच मराठी गटांचा गोंधळ होतो, कारण आपल्याकडे डोंगरावर जायला कोणाला विचारायचं असतं असं कोणाच्या डोक्यात येत नाही. इंग्लंडमध्ये पाऊलवाट म्हणजे शुद्ध वहिवाट. जमीन शेतकऱ्याची, पण तिच्यावरून ठरावीक रेषेने चालायचा हक्क सगळ्यांचा. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक भागातल्या अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले, आणि एकदा वाट त्या नकाशावर आली की नुसत्या वापराअभावी तिचा हक्क बुडत नाही. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा बाण म्हणजे पायी, घोडा आणि सायकल; आपल्या पाणंदीसारखं. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. या भागासाठी ओएल-१, डार्क पीक, हा नकाशा घ्या. काळी तुटक रेष म्हणजे जमिनीवर वाट दिसते इतकंच, हक्क असेलच असं नाही.

याउलट, २००० च्या कायद्याने डोंगरमाथे आणि माळरानं मुक्त फिरण्यासाठी खुली झाली. नकाशावर ती फिकट पिवळ्या रंगाची असतात. तो हक्क सहज मिळालेला नाही. मॅम टॉरवरून उत्तरेला समोर दिसतो तो किंडर स्काउट; तिथे २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार तरुण बंदी मोडून चढले आणि त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. लूज हिलच्या माथ्याला वॉर्ड्स पीस म्हणतात ते शेफील्डच्या जी. एच. बी. वॉर्ड यांच्यावरून. चालण्याच्या हक्कासाठी आयुष्यभर भांडलेल्या या माणसाला १९४५ मध्ये तिथली जमीन भेट मिळाली आणि त्यांनी ती नॅशनल ट्रस्ट या जमिनी आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केली.

तर परिस्थिती अशी उलटी आहे. खाली खोऱ्यात माती घट्ट आणि कायदा कडक: रेषा सोडली की तुम्ही दुसऱ्याच्या शेतात. वर कायदा सैल आणि माती नाजूक: रेषा सोडायला कोणी अडवणार नाही, पण सोडली की डोंगर झिजतो. ‘वर कुठेही फिरता येतं ना?’ असं कोणी विचारलं तर उत्तर ‘येतं’ असंच आहे. तरीही दगडावरून चाला.

खालच्या शेतांत मे ते जुलैमध्ये गवत कापणीसाठी राखलेलं असतं. तो हिवाळ्यासाठी गुरांचा चारा. त्यातून जाताना एकामागून एक, एकाच ओळीत. तुडवलेलं गवत यंत्राला कापता येत नाही. नांगरलेल्या शेतातून वाट जात असेल तर शेतकऱ्याने ती किमान एक मीटर रुंद, चालण्यासारखी करून द्यायची असते; दिली नसेल तर भांडू नका, फोटो आणि नकाशावरची जागा डर्बीशर काउंटी कौन्सिलला कळवा, वाटांची जबाबदारी त्यांची. फाटक जसं सापडलं तसं ठेवा: उघडं तर उघडं, बंद तर बंद. उघडं फाटक दिसलं की लावून घ्यायची आपल्याला भारी हौस. पण कधी कधी ते गुरांना पाण्याकडे जाता यावं म्हणून मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं.

दगडी कुंपणांबद्दल. कोकणातला गडगा आठवा, तसंच हे, चुना-सिमेंट काही नाही. दोन बाजूंना दोन भिंती, मधे चिपांची भर, मधूनमधून दोन्ही भिंतींना जोडणारा लांब दगड, वर उभ्या दगडांची टोपी. एका मीटर लांबीच्या भिंतीत टनाहून अधिक दगड असतो. टोपीचा एक दगड हलला की पाणी आणि गोठण बाकीचं काम करतात आणि तिथून मेंढरं बाहेर पडतात. भिंतीवर चढायचं नाही. ओलांडायला स्टाइल असते: कधी भिंतीत बसवलेल्या दगडी पायऱ्या, कधी लाकडी निसण, आणि या भागात खास म्हणजे भिंतीतली अरुंद फट, माणूस आडवा होऊन जातो, मेंढी जात नाही. पाठीवर मोठी पिशवी असेल तर आधी पिशवी पलीकडे द्या. पंधरा जणांना एक फट ओलांडायला पाच-सात मिनिटं लागतात. वेळेच्या हिशोबात हे कोणी धरत नाही.

कुत्रा नेणाऱ्यांनी लक्ष द्यावं: खुल्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरपर्यंतच्या आखूड दोरीला बांधलेलाच हवा, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हा काळ, आणि एप्रिल-मे कोकरांचा. मेंढरांजवळ तर वर्षभर बांधलेला. एकच अपवाद: गायींचा कळप अंगावर धावून आला तर कुत्र्याला सोडून द्या. त्या कुत्र्यामागे असतात, तुमच्या नाही. तो पळून सुटतो, माणूस सुटत नाही. वासरं आणि गायी यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. धोका टाळण्यासाठी वाट थोडी सोडली तर चालतं. ‘गोमाता’ म्हणून कपाळाला हात लावायला जाऊ नये, एवढं आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा.

शेगडी, बार्बेक्यू, चहासाठी स्टोव्ह: काही नाही. या भागातल्या माळरानाखाली पीट असतं, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती. पेटलं की ते जमिनीखालून दिवसेंदिवस धुमसत राहतं. २०१८ च्या जूनमध्ये सॅडलवर्थ मूरच्या माळरानाला लागलेली आग ग्रेटर मँचेस्टरमध्ये राहणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. थर्मास भरून न्या. ड्रोन नको, नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवर बंदी आहे. संत्र्याची साल आणि केळ्याचं सालपटही परत आणा. धारेवर एकही शौचालय नाही. होप, कॅसलटन किंवा एडेल गावातून उरकूनच वर जा.

आता भेटायची जागा आणि वेळ. मॅम निकचं वाहनतळ लहान आहे आणि चांगल्या हवेच्या शनिवारी सकाळी लवकरच भरतं. मग गाड्या रस्त्याच्या कडेला लागतात, आणि त्या अरुंद रस्त्यावरून रुग्णवाहिका किंवा बचाव पथकाची गाडी जाऊ शकत नाही. बसने येणार असाल तर चालकाला आधी सांगा: कॅसलटनजवळच्या विनॅट्स पास या खिंडीतल्या रस्त्याचा चढ एकास पाच आहे आणि मोठ्या बसला तिथे मज्जाव. बस हेदरसेज-होप बाजूनेच कॅसलटनला आणा. मॅम निकवरून शिखर दहा-पंधरा मिनिटांवर आहे, आणि हीच तिथली अडचण. सगळी गर्दी त्याच पायऱ्यांवर. ती जागा ज्यांना लांब चालवत नाही त्यांच्यासाठी सोडा.

बाकीच्यांनी आगगाडीने यावं. मँचेस्टर-शेफील्ड मार्गावर होप आणि एडेल ही दोन स्थानकं या धारेच्या दोन अंगांना आहेत. थांबत जाणारी गाडी शेफील्डहून अर्ध्या तासाच्या आसपास, मँचेस्टरहून पाऊण तासाच्या आसपास घेते. होपला उतरा, लूज हिल चढा, धारेने बॅक टॉर, हॉलिन्स क्रॉस, मॅम टॉर, तिथून परत हॉलिन्स क्रॉसला येऊन एडेलला उतरा. सुमारे १२ किलोमीटर, एकूण चढ ५०० मीटरच्या आसपास. शेवटचा उतार जुन्या वाटेचा आहे. एडेलला चर्च नव्हतं तेव्हा तिथले लोक मृतदेह याच खिंडीतून होपला नेत.

वेळेचा हिशोब नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२ च्या नियमाने करा: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास. म्हणजे सव्वातीन तास. हा धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा वेळ. मुलं, डबे, फोटो धरून दीडपट करा, जवळपास पाच तास. डिसेंबरात इथे चारच्या आधी सूर्य मावळतो. त्यामुळे अकरानंतर निघालेला गट अंधारात उतरतो. प्रत्येक मोठ्या माणसाकडे डोक्याचा दिवा हवा, फोनचा नव्हे. एडेलच्या खोऱ्यात फोनला रेंज भरवशाची नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात: कॅसलटनपेक्षा माथ्यावर हवा दोनच अंशांनी थंड असते, पण धारेवरचा वारा ते दोनाचे दहा करतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. बुटाचा तळ खाचांचा हवा. ग्रिटस्टोनवर, म्हणजे इथल्या खरबरीत वालुकाश्मावर, ओल्यातही पाय धरतो. कॅसलटनजवळच्या केव्ह डेल या अरुंद दरीतला चुनखडी दगड मात्र हजारो पावलांनी गुळगुळीत झालाय, तो पावसात साबणासारखा. पाऊस असेल तर ती वाट टाळा. बॅक टॉरच्या कड्याशी फोटोसाठी जाऊ नका, कडा शेलची आहे, खालून पोकळ असू शकते. मॅम टॉरच्या पूर्वेच्या तुटलेल्या अंगावर तर चढायचा विचारही नको.

कोणी पडलं, पाय मुरगळला आणि चालवेना, तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरी बचाव पथक. नुसती रुग्णवाहिका मागितली की ती रस्त्यावर येऊन थांबते. जागा सांगताना नकाशाचा संदर्भ द्या. मॅम टॉरच्या शिखराचा एसके १२७ ८३६. घरून निघायच्या आधी सगळ्यांनी ९९९ वर इंग्रजीत ‘register’ असा संदेश पाठवून नोंदणी करा. रेंज कमी असताना कॉल लागत नाही, संदेश जातो. शिट्टी: मिनिटात सहा वेळा, एक मिनिट थांबून पुन्हा. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, पगारी नाहीत.

शेवटी आमंत्रणाचा मजकूर. पुढच्या वेळी गटावर असा टाकून पाहा: ‘होप स्थानक, सकाळी ९. पंधरा जागा. दुसरा गट ९:२०, आणखी पंधरा. परत एडेलहून. चिखलाचे बूट, डोक्याचा दिवा, थंड जेवण. कुत्रे दोरीला. मॅम निकचं वाहनतळ फक्त आजी-आजोबा आणि तान्ह्या बाळांच्या गाड्यांसाठी. ते साडेबाराला शिखरावर भेटतील.’ होपहून शिखर गाठायला मुलांसकट सव्वातीन-साडेतीन तास लागतात, तेव्हा ही वेळ जमते.

आपले,
होप खोऱ्यात नेहमी चालणारे काही मराठीजन